नर्सबाईंचा ओरडायचा वर्ग

इंदूताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा गळा धरला होता.

पालघरला बिऱ्हाड करून जेमतेम आठवडा झाला असेल. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. एकाएकी मागून एक हात माझ्या मानेभोवती आला आणि कानाशी अगदी शांत आवाज आला, "मेलात तुम्ही."

हातातलं पिळलेलं धोतर मातीत पडलं. ओरडणं तर दूरच, मला श्वास घ्यायचंही सुचेना. मग तो हात सैल झाला. वळून बघते तो पांढरंशुभ्र पातळ, जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री आणि उंची माझ्या खांद्याइतकी. माझ्या मानेपर्यंत पोचायला बाईंनी टाचा उंचावल्या असणार.

"मी शेजारची. सरकारी नर्स आहे," त्या म्हणाल्या. "तुमची पाठ फार उघडी असते हो, वहिनी. मी फाटकापासून चपला वाजवत आले, तुम्हाला पत्ता नाही. बरं, विरजण आहे का थोडं?"

मी विरजण दिलं. निम्मं ओट्यावर सांडलं. त्या वाटी घेऊन गेल्या आणि मी दार लावून, कडी घालून, हे घरी येईपर्यंत पाटावर बसून राहिले.

आमचे हे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं त्यावर नोकरीला लागले, म्हणून आम्ही साताऱ्याहून इकडे आलो. मी माहेरी आणि सासरी मिळून कधी कुणाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. अशा बाईच्या शेजारी देवानं इंदूताई आणून ठेवल्या होत्या.

त्यांचं काम बाळंतपणाचं. आज सातपाटी, उद्या मासवण, परवा माकुणसार. बोलावणं कधीही यायचं आणि त्या पिशवी, छत्री घेऊन एकट्या निघायच्या. निघताना मात्र खिडकीतून मला सांगून जायच्या, "वहिनी, मासवणला चाललेय, पाटलांच्या घरी. अंधार पडेपर्यंत आले नाही तर पोलीस स्टेशनवर सांगा." मला वाटायचं, काय ही बाई! पण पुढे मलाही सवय लागली. त्या आल्याची छत्री खिडकीवर वाजली की मी भाताचं भांडं चुलीवर चढवायची.

कुणाकडेही गेल्या तरी आधी विचारायच्या, "मागचं दार कुठाय?" सत्यनारायणाला गेल्या तरी तेच. बसायच्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. एका मुंजीत त्यांनी बटूच्या मामांना उठवून तिथं स्वतः पाट मांडला होता. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या आणि विचारणारीला बारीक डोळ्यांनी बघत राहायच्या, जणू तीच संशयित.

खरा हाहाकार झाला तो आमच्याकडच्या हळदीकुंकवाला. बायका वाण लुटत होत्या, अत्तर लावत होत्या. इंदूताईंनी शेजारच्या एका आजीबाईंच्या सुनेचं मनगट पकडलं. "सोडवा," म्हणाल्या. ती हसायला लागली. "हसू नका, सोडवा. पकडणाऱ्याचा अंगठा जिकडे, तिकडे हिसका. चार बोटांशी भांडू नका, अंगठा एकटा असतो बिचारा." सुनेनं हिसका दिला. हात सुटला, पण हिरव्या चुड्यातल्या बांगड्या खळकन जमिनीवर आल्या.

ऐन हळदीकुंकवात! आजीबाई किंचाळल्या, "अगं वाढवल्या म्हणा, वाढवल्या!" कुणी कपाळाला हात लावला, कुणी देवाकडे धावलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, घर माझं होतं. इंदूताई खाली बसून काचा वेचत म्हणाल्या, "बांगड्या बाजारात मिळतात. मनगट कुठं मिळतं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्या सुनेनं खिडकीतून हळूच विचारलं, "वहिनी, तो अंगठ्याचा प्रकार परत दाखवतील का हो त्या?"

असा तो वर्ग सुरू झाला. रविवारी दुपारी, भाताच्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत. आम्ही चारदोन बिऱ्हाडकरणी आणि सातपाटीहून मासळी घेऊन येणारी पारूबाई. ती पाटी रिकामी झाली की थेट तिथंच यायची. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माला कोन हात लावल ओ बाय? पाटीच्या वासानंच पलून जाईल."

"ज्याला हात लावायचाय त्याला वास येत नाही," इंदूताई म्हणाल्या. "उभ्या राहा इथं."

मारामारी त्यांनी कधीच शिकवली नाही. "आपण काय पहिलवान आहोत? सुटायचं आणि पळायचं. पळण्यात लाज कसली?" आमच्यातली एक म्हणाली, आता कारखाने येणार, कुठून कुठून माणसं येणार, भीती वाटते. इंदूताई एकदम कडाडल्या. "उगीच नव्या माणसांच्या नावानं बोटं मोडू नका. हात धरणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. चहा घेऊन गेलेला असतो तुमच्याकडे."

असलं कुणी उघड बोलत नसे तेव्हा.

मग ओरडण्याचा धडा. पोटातून आवाज काढायचा आणि एकच शब्द म्हणायचा, "सोड!" पारूबाईनं पहिल्याच झटक्याला असा आवाज काढला की गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला. माझी पाळी आली. इंदूताईंनी माझा हात धरला. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अहो, सोडा ना."

"चोराला अहो?" इंदूताईंचा चष्मा घसरला. "अजून पान-सुपारी द्या त्याला!"

कितीतरी रविवार गेले, माझं "अहो" काही सुटेना. हात मात्र शहाणे झाले. एका संध्याकाळी मी चुलीपुढे असताना ह्यांनी मागून लाडात खांद्यावर हात ठेवला. माझं कोपर आपोआप मागे गेलं. हे परातीत बसले. कणीक त्यांच्या धोतराला आणि धक्का त्यांच्या मनाला. पुढे आठवडाभर ते स्वयंपाकघरात येण्याआधी खोकायचे. इंदूताईंना म्हणाले, "ताई, माझी बायको होती तशी परत द्या."

"होती तशी तुम्हाला परवडेल. तिला परवडायची नाही," इंदूताई म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात माकुणसारचं बारशाचं बोलावणं आलं. पानवेलींची मोठी वाडी असलेल्या तात्यांच्या घरचा नातू, इंदूताईंच्या हातचा. तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, पांढऱ्या मिशा, कपाळाला गंध, तोंडात सदा देवाचं नाव. इंदूताई मला सोबत घेऊन गेल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. ओटीवर पुरुष, माजघरात पाळणा. तात्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "या बाय नसत्या तर नातू दिसला नसता." इंदूताई लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

घुगऱ्या वाटून झाल्या. तात्या म्हणाले, नर्सबाईंना साडी द्यायचीय, कोठीतून काढून देतो. त्या त्यांच्यामागून गेल्या. बराच वेळ झाला, येईनात. गाडी चुकेल म्हणून मी बोलवायला गेले.

कोठीच्या दारात माझे पाय थांबले. तात्यांनी इंदूताईंचं मनगट धरलं होतं आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर होता. ते हसून काहीतरी पुटपुटत होते. आणि इंदूताई? इंदूताई लाकडासारख्या उभ्या होत्या. छत्री दुसऱ्या हातात तशीच. तोंड अर्धवट उघडं, पण आवाज नाही. अंगठ्याकडे हिसका नाही, काही नाही. चष्म्याआडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी काय केलं ते मला आधी ऐकू आलं, मग कळलं.

"सोड! सोड तिला!"

वडीलधाऱ्या माणसाला, त्याच्याच घरात, बारशाच्या दिवशी, अरे-तुरे. माजघरातली गाणी थांबली. ओटीवरचे पुरुष उठून आले. तात्यांनी हात सोडला, धोतर झटकलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "काय झाला ओरडाय? बाय घसरत व्हत्या, मी धरलं."

आता सगळे आम्हालाच नावं ठेवणार, असं वाटलं. तेवढ्यात पाळण्यापाशी बसलेली बाळंतीण, तात्यांची सून, बाळाला छातीशी धरून उठली. डोक्यावरचा पदर नीट करत ती पुढे आली आणि इंदूताईंच्या शेजारी उभी राहिली.

"बाय घसरल्या नाय," ती म्हणाली. "माला म्हाइत हाय."

एवढंच. तिचा नवरा आपल्या बापाकडे बघत राहिला. मग त्यानं खाली मान घातली, आमच्या पिशव्या उचलल्या आणि आम्हाला सफाळे स्टेशनपर्यंत पोचवायला आला. स्टेशन आल्यावर हात जोडले आणि तसाच उभा राहिला. पुढे ऐकलं, महिन्याभरात त्यानं वेगळी चूल मांडली. तात्यांना कुणी शिक्षा केली नाही, तशी पद्धतच नव्हती. पण त्या घरात नंतर बायका एकट्या जात नसत.

फलाटावर इंदूताई बाकावर बसल्या. छत्री मांडीवर आडवी ठेवून म्हणाल्या, "तुम्ही फार वाईट ओरडलात. घशातून ओरडलात. पोटातून ओरडायला पाहिजे होतं."

मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. "माझा आवाजच आला नाही हो, वहिनी. सगळं पाठ आहे मला. हात आपला नाहीच, असं वाटलं."

मला वाटलं, आता वर्ग बंद. रविवारी मी उगीचच गिरणीमागे गेले, तर त्या सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या. सगळ्या जमल्यावर त्यांनी, आदल्या दिवशीचं हवामान सांगावं तशा आवाजात, घडलेलं सगळं सांगितलं. "मी ओरडले नाही. मी हललेसुद्धा नाही. हे तुम्हाला शिकवायचं राहिलं होतं."

पारूबाई पाटीवर बसली होती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माला पन झालतं तसं, बाय. लय वर्सांमागं. आमच्या घरातलाच व्हता. कोनाला बोलले नाय." तिच्यासारखी बाई, जिच्या आवाजानं गिरणी थांबली होती! त्या दुपारी आणखीही कुणीकुणी बोललं. ते इथं लिहिणार नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर इंदूताई म्हणाल्या, "आवाज आला नाही तर तो गुन्हा तुमचा नाही, धरणाऱ्याचा. अंग दगड झालं तर आधी श्वास बाहेर सोडा. मग पायाची बोटं हलवा. बोटं हलली की बाकीचं येतं. तेही नाही आलं, तर नंतर कुणाला तरी सांगा. गप्प बसू नका. चला, बोटं हलवा." आणि त्या मातीत आम्ही सगळ्या बायका अनवाणी उभ्या राहून गंभीर चेहऱ्यानं पायाची बोटं हलवत होतो. गिरणीवाला दारातून बघत होता. या वेळी तो काही विचारायला आला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासाठी भाजी घेऊन गेले. इतके महिने शेजारी राहून त्यांच्या घरात मी कधी गेले नव्हते, त्याच यायच्या. मागच्या दाराच्या पायरीवर पुरुषी चपलांचा मोठा जोड होता. आत खुंटीवर सदरा. मी दचकून पदर सावरला आणि दारातच थांबले.

"कोण आलंय का?" मी कुजबुजले.

"या हो. कोणी नाही." त्या हसल्या, कित्येक दिवसांनी. "बाजारातून आणल्यात. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. रोज जागा बदलते, सदरा धुऊन वाळत घालते. नाहीतर लोकांना कळतं."

त्यांनी चहा ठेवला. कप एकच होता, तो मला दिला आणि स्वतः वाटीत घेतला. वाटीवर फुंकर घालत त्या पायरीकडे बघत होत्या.

"गंमत सांगू? बाळंतपण करून दमून येते ना, मागच्या दारानं आले की लांबूनच त्या चपला दिसतात. माहीत असतं मलाच. तरी क्षणभर वाटतं, आलंय कुणीतरी घरी."

मी भाजीची वाटी परत न्यायला उठले होते. पुन्हा बसले.