पास्कूची काळी अक्षरं

अहो, जरा जवळ सरा, लांबून काय ऐकता? आणि आधी बोलणी खा. मालवणात येता, मासे जेवता, किल्ल्यापुढे फोटो काढता नि आमच्या देवबागच्या पास्कूची अक्षरं न बघताच परत जाता. ह्याला काय म्हणावं?

पास्कू होड्यांवर नावं रंगवतो, पण एकाच तऱ्हेने. त्याच्या आजोबांनी गोव्याहून आणलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर होती ना, तसल्या जुन्या, काळ्या, टोकदार इंग्रजी अक्षरांत. तुम्ही सर्टिफिकेटांवर पाहिली असतील, इंग्रजी पेपराच्या माथ्यावरही. उभी रेघ कोयत्याने तासल्यासारखी जाड, तिला जोडणारी केसाएवढी. चर्चच्या उंच खिडक्यांसारखी सगळी खेटून उभी. चपटा ब्रश तिरका धरायचा नि शेवटपर्यंत तो कोन मोडायचा नाही. तेवढा वेळ पास्कू श्वास घेत नाही. मीही घेत नाही. सत्तरी उलटली माझी, तरी तो हात बघताना अंगावर काटा येतो.

वाचायला मात्र कुणालाच येत नाही. बंदरावर तपासणीला आलेला साहेब होडीपुढे मान वाकडी करून म्हणाला, "हे लिहिलंय काय?"

"सायबांनू, आधी बघा," पास्कू म्हणाला. "वाचूचा मगे."

आमच्याकडे पाहुणे उतरतात, म्हणून मी त्याच्याकडून त्याच अक्षरांत 'सागर' अशी पाटी करून घेतली. पहिल्याच दिवशी एक जोडपं दारात चपला काढून हळूच विचारतं, "फादर आहेत का?" पण पाटी मी काढली नाही. एवढी देखणी वस्तू कोण काढील?

त्याची बायको रोझीन मराठी दुसरी शिकलेली. ती टोचायची, "अक्षरां काढतस काय कुंपण घालतस रे? मी मेलंय तर माझा नाव तरी माका वाचूक येयत असा लिव."

दोन वर्षांमागे ती गेली. सगळ्यांना वाटलं, आता तिच्या कबरीवरच्या क्रुसावर बघण्यासारखं नाव निघणार. क्रूस कोराच राहिला. गावाच्या क्रुसांवर नावं काढणारा हा, आणि बायकोच्या नाही. लोक बोलायला लागले. मीही सुनावलं. तेव्हा त्याने ट्रंकेतून दुरेघी वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. पानोपानी मराठीत एकच नाव, रोझीन. सगळं कोपरे निघालेलं, टोकदार.

"हात गोल वळना नाय, वयनी," तो म्हणाला. "तिका वाचूक येवक व्हया."

मग मी रोज संध्याकाळी पडवीत त्याला 'र' गिरवून दाखवायची. माझ्याकडूनही मेला ओरडा खायचा.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरी साफ करून फुलं घालतात, तेव्हा मी तिच्या कबरीपाशी गेले. क्रुसावर बालवाडीच्या भिंतीवर असतं तसं गोल, साधं अक्षर. मी नुसती बघत राहिले.

"हयसर आधी वाचूचा," पास्कू म्हणाला. "वाचा, वयनी. मोठ्यान."

मी वाचलं. त्याने टोपी काढली आणि कबरीकडे वाकून विचारलं, "येता मां वाचूक?"

तर आता आमच्याकडे लवकर या. पाटी वाचता आली नाही तर फादर आहेत का म्हणून हाक मारा, मी बाहेर येईन.