हरभऱ्याची वाटी

धुळ्याच्या दवाखान्यात झुलालचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, एक वाटी आणायला सांगितली. दोघांना लिहिता येत नव्हतं. कळ आली की वाटीत हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा आणि पंधरा दिवसांनी वाटीसकट यायचं, असा हुकूम झाला.

आठ दिवसांत वाटी निम्मी भरली. तेवढ्यात शेजारचा निंबा समाचाराला आला आणि वाटीत डोकावून म्हणाला, "दाना जास्ती व्हयनात ते डागदर परत फाडस."

पोट पुन्हा फाडणार, हे ऐकून झुलाल घाबरला. क्लोरोफॉर्मचा तो वास अजून नाकातून गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई विहिरीवर गेली तसं त्यानं वाटीतले मूठभर दाणे बैलाला चारले. पुढं हा नेमच झाला. पण वाटी त्याच्या हिशेबापेक्षा भराभर उतरू लागली. उंदीर आपल्या बाजूनं आहेत, असं त्यानं मनाशी ठरवलं.

दवाखान्याला निघायच्या दिवशी मंजुळाबाईनं त्याला बजावलं, "डागदरनी दाबं तरी हूं बी करानं नही."

डॉक्टरांनी रिकामी वाटी पाहिली. मग जखमेच्या कडेला बोट दाबलं. झुलालच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण त्यानं दातावर दात ठेवून हसून दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"पंधरा दिवसांत एकही कळ नाही? दाबलेलंही कळत नाही? मग आत काहीतरी बिघडलंय. उघडून बघावं लागेल."

कंपाउंडर टेबल पुसायला लागला. झुलालनं डॉक्टरांचा हात धरला. "दुखस, साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "बठ्ठं पोट दुखस. दाना मी बैलले चारात."

मंजुळाबाई चमकून त्याच्याकडं पाहत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "राह्यलात त्या मी घुगऱ्यामा टाकी दिनात. माले बी भ्याव लागनं."

परवाच्या घुगऱ्या आपण दोनदा मागून खाल्ल्या, हे झुलालला आठवलं.

डॉक्टरांनी कंपाउंडरला हातानंच थांबवलं. या जखमेला एवढं दुखायचंच, महिनाभरात उतरेल, कापायचं काही कारण नाही, असं त्यांनी सांगितलं आणि वाटी परत दिली.

"पुढच्या वेळी खडे टाका."

बैलगाडीत चढताना झुलालला कळ आली. मंजुळाबाई मुकाट्यानं खाली उतरली आणि तिनं खडा शोधून आणला, चांगला मोठा.