मानाचा खांदा

कोंडाजीचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला, तेव्हा दिवाळी नुकतीच उलटली होती. हात वर न गेल्यानं शेतकऱ्याचं फारसं अडत नाही; बहुतेक कामं खाली वाकूनच करायची असतात. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीत शिमग्याच्या पालखीची पुढची दांडी त्याच्या घराण्याकडे होती, आणि ती उजव्याच खांद्यावर घ्यायची रीत होती. खांदा गेला की मान गेला. तो जाणार चुलतभाऊ चांगूकडे, जो मागच्या दांडीला राहून इतकी वर्षं कोंडाजीची पाठ बघत आला होता. म्हणून दुखणं गुप्त ठेवायचं ठरलं.

घरातल्या घरात उपचार मात्र बरेच निघाले. बायको बनुबाईनं निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून शेक सुरू केला. मुंबईला असलेल्या साहिलनं फोनवर बजावलं, शेक बंद, बर्फ लावा. कोंडाजीला बायकोशी वैर नको होतं आणि मुलगा शिमग्याला यायला हवा होता, त्यामुळे त्यानं पुढून बर्फ आणि मागून पाला असा तोडगा काढला. खांदा आणखी आखडला. मग महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात बसून झालं. पाण्यात असेपर्यंत दुखणं अजिबात नव्हतं. पण पालखी काही कुंडातून निघत नव्हती.

शेवटी कोर्टाचं काम आहे असं सांगून तो महाडला हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. भावकीत कोर्टाचं काम कोणालाही खरं वाटतं. बाईंनी हात सगळीकडून फिरवून पाहिला. हात वर केला की खांद्यातला स्नायूचा पट्टा वरच्या हाडाखाली चिमटतो, म्हणून सुजलाय, असं त्यांनी समजावलं. इंजेक्शनानं दुखणं काही दिवस दबेल, शेकानं बरं वाटेल, पण खांदा मोकळा व्हायचा तो कसरतीनंच. पुढे वाकायचं, डाव्या हातानं आधार घ्यायचा, उजवा हात लोंबता सोडून हळूहळू गोल फिरवायचा आणि श्वास मोकळा सोडायचा.

घराची भिंत चांगूच्या घराला लागून, त्यामुळे कोंडाजी उजाडता उजाडता देवळामागे कसरत करू लागला. तिथे चांगूची बायको येसूबाई अंगण झाडायला आली. देवळाच्या भिंतीला हात टेकून वाकलेला, हुंकार देत हात फिरवणारा माणूस वाडीत एकाच कारणानं तसा दिसतो. येसूबाईनं झाडू टाकला आणि हात जोडले.

"देवा, आमची म्हस कालपास्न गावत नाय."

कोंडाजी पेचात पडला. अंगात देव नाही म्हणावं, तर खांद्याचं सांगावं लागणार. तेवढ्यात कळ आली आणि हात ओढ्याच्या बाजूला थबकला. म्हैस ओढ्यावर सापडली. त्या दिवसांत वाडीतल्या सगळ्याच म्हशी ओढ्यावर असतात, पण हे कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी रांग लागली. ललिताचं लग्न, किशोरची विरारची खोली, सगळ्याचे कौल त्या हातानं दिले. भक्त वाढले तशी कसरतही वाढली, आणि एका सकाळी कोंडाजीच्या ध्यानात आलं की हात सरळ आभाळाकडे जातोय. डॉक्टरबाईंनी तपासून पालखीला परवानगी दिली. येताना बसायला जागा असूनही तो एस.टी.त उजव्या हातानं वरचा दांडा धरून उभा राहिला.

शिमग्याआधी गावकी बसली. गावकीचे म्होरके सुनीलभाऊंनी रीत सांगितली. ज्याच्या अंगात देव येतो त्यानं पालखीपुढे चालायचं, पालखीला खांदा द्यायचा नाही. देवानं देवाला कसं उचलायचं? तेव्हा यंदा पुढची दांडी चांगूला.

बापानं सांभाळलेला मान कोंडाजीनं स्वतःच्या हातानं, तोही गोल फिरवून, घालवला होता. लाज सोडून तो उभा राहिला.

"माझ्या अंगात देव नाय. खांदा दुखत व्हता. डॉक्टरबायनं सांगितलेली कसरत हाय ती."

"ज्याच्या अंगात येतो, त्याला कदी कळत नाय," सुनीलभाऊ म्हणाले. सगळ्यांनी डोक्यावर हात जोडले. चांगूचा मात्र एकच हात वर गेला. दुसरा छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

कोंडाजीनं ते बरोबर हेरलं आणि त्याला बाहेर गाठलं. चांगूनं कबूल केलं की भातकापणीपासून खांदा उठत नाही. मागच्या दांडीला कसंबसं निभावलं असतं. पुढची घेऊन नाचवायची म्हणजे पालखी खालीच येणार. आणि बसल्या बसल्या येसूबाईनं मुंबईच्या सगळ्या माणसांना फोन करून मानाचं कळवून टाकलं होतं.

"देवा, शेक चांगला, सवचं पानी चांगलं, का इंजेक्शन?" त्यानं विचारलं.

कोंडाजीनं तिन्हींचं होतं तसं सांगितलं आणि शेवटी कसरतच कर म्हणून सांगितलं. चांगूनं भक्तिभावानं पुन्हा एकच हात वर नेला. खरं बोलून काही होत नाही, हे कोंडाजीला पुरतं कळलं. तो परत आत गेला, खांबाला डावा हात टेकून वाकला आणि उजवा फिरवायला लागला. गावकी उठून उभी राहिली.

"पुढची दांडी कोंडाजीच्या खांद्यावर पायजे," तो घुमत म्हणाला. "चांगूनं पालखीपुढं चालायचं. रिकाम्या हातानं."

खुद्द देव बोलल्यावर रीत गप्प बसली. येसूबाईचा चेहरा पडला. पण सगळ्यांत आधी "देवाची मर्जी" म्हणाला तो चांगूच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याची देवावर पुरती श्रद्धा बसली होती.