हीटर लावा, गाडी थंड राहील

आमच्या गाडीची कूलिंग सिस्टीम पूर्णपणे दुरुस्त झाली आणि त्याच दिवसापासून गाडी तापू लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं सर्व्हिस सेंटरचं अधिकृत मत आहे.

नवा थर्मोस्टॅट, नवा पंप, नवे पाइप, नवं कूलंट. बाबा गाडी घेऊन घरी आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. पण गाडी सिग्नलला थांबली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा आणि गाडी निघाली की गुमान खाली यायचा.

"आत हवा अडकली असणार," आई म्हणाली. "कूलंट भरताना ती काढावी लागते."

"अगं, ती तज्ज्ञ माणसं आहेत," बाबा म्हणाले. आमच्या घरात या वाक्यानंतर चर्चा संपते.

मी मात्र संपू दिली नाही. शनिवारी माझी बास्केटबॉलची फायनल होती, तीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि कॅप्टन मी होते. (गेल्या वर्षी मी बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे, हे वाचकांनी विसरावं. मी विसरले आहे.) म्हणून शुक्रवारी आम्ही तिघं सेंटरवर गेलो. तिथला सल्लागार टाय लावून, हातात टॅब घेऊन सामोरा आला.

"काटा वरखाली होतोय," बाबा म्हणाले.

"होणारच सर. काटा हा हलणारा भाग आहे."

आई पुढे झाली. "सिस्टीममधली हवा काढलीत का?"

त्याने टॅबवर बोट फिरवलं. "काढली आहे मॅडम. इथे टिक आहे."

"टॅबमधली नाही हो, गाडीतली!"

"टिक झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही, मॅडम. तुमची गाडी बाहेर गेली होती. म्हणजे हवा निघालीच."

युक्तिवाद इतका बिनतोड होता की आमच्या गणिताच्या बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते.

मग अधिकृत तपासणी झाली. सल्लागाराने गाडीत बसताच हीटर फुल केला आणि काचा वर केल्या. तपासणी अशीच करायची, असा त्यांचा नियम होता. हीटर इंजिनची उष्णता ओढून प्रवाशांच्या अंगावर सोडतो, त्यामुळे काटा शहाण्यासारखा खाली बसला. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला. आईच्या चष्म्यावर घाम टपकला.

"बघा, नॉर्मल!"

"अहो, पण आम्ही शिजतोय!" मी ओरडले.

"प्रवाशांचं तापमान वॉरंटीत येत नाही," तो म्हणाला. निष्कर्ष: गाडी निर्दोष. सल्ला: हीटर कायम चालू ठेवावा.

शनिवारी सकाळी कडक ऊन होतं. आम्ही हीटर लावून निघालो. माझा वॉर्म-अप सीटवर बसल्या बसल्याच झाला. तरी सिग्नलला काटा चढलाच. तेव्हा बाबांनी स्वतःचं संशोधन मांडलं. "थांबलं की तापते ना? मग थांबायचंच नाही!" पुढचा चौक लाल दिसला की ते डावीकडे वळायचे. असं डावीकडे वळत वळत आम्ही आमच्याच घरासमोरून पुन्हा गेलो. शेजारच्या काकूंनी हात हलवला.

"उतरू का मी इथेच?" आईने विचारलं. "भाजी तरी चिरून होईल."

शेवटी मोठ्या पुलावर ट्रॅफिक तुंबला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. गाडी बंद पडली. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"टोइंग व्हॅन जवळच आहे," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "फक्त आधी मोबाइलवर पाठवलेल्या लिंकवर मागच्या सेवेला रेटिंग द्या. पाच तारे दिलेत, तर समाधानी ग्राहक म्हणून व्हॅन लगेच. कमी दिलेत, तर प्रकरण तक्रार विभागाकडे. तो सोमवारी उघडतो."

"एक तारा दे!" बाबा गरजले.

"शून्य देता येतं का बघ," आई म्हणाली.

माझं बोट एकावर टेकलंच होतं. शेराही निर्भीडपणे लिहिणार होते, सगळं सगळं! तेवढ्यात कोच सरांचा फोन आला. "कुठे आहेस? मॅच सुरू होतेय. तू नसशील तर कॅप्टन बदलतोय मी."

मी पाच तारे दिले. शेरा सक्तीचा होता, तोही दिला: 'अत्यंत समाधानकारक सेवा. आता तापमानाची चिंताच उरली नाही.'

व्हॅन खरंच लगेच आली. मागे गाडी लटकवून तिने मला थेट मैदानाच्या दारात सोडलं. आम्ही जिंकलो. शेवटची बास्केट माझी.

ते सेंटर आता शहरात पहिल्या क्रमांकावर आहे. माझा शेरा त्यांनी दारावर मोठ्या अक्षरांत लावलाय. तुम्ही हसताय, हसा. तुमची गाडी कुरकुरली की तुम्हीही मोबाइल काढाल, तारे बघाल, माझं वाक्य वाचाल आणि निश्चिंत मनाने गाडी तिथेच टाकाल. आणि मग कुठल्याशा पुलावर, वाफेत उभं राहून, मुकाट्याने पाचच द्याल.