अर्विडने न टांगलेलं प्रदर्शन

अर्विड हाउगेनने टांगलेल्या दोनशे बारा प्रदर्शनांपैकी सगळ्यांत गाजलं ते झालंच नव्हतं. हे कुणी खरं मानणार नाही. नका मानू, गावातल्या लोकांनी तरी कुठे मानलं?

अमेरिकन कलेचं ते संग्रहालय मिनेसोटातल्या एका गावात आहे, एका बाजूला लूथरन चर्च आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरचं दुकान. तिथे अर्विड पन्नास वर्षं भिंतीवर चित्रं टांगत होता. त्याने टांगलेलं चित्र तिरकं दिसलं, तर भिंतच कलली असेल असं गाव म्हणायचं. इतक्या वर्षांत शेकडो चित्रकारांची नावं त्याने पाणसळ धरून भिंतीवर लावली. स्वतःचं एकदाही नाही. म्हणून नव्या संचालक रोशेलबाई जेव्हा म्हणाल्या, "अर्विड, सुवर्णमहोत्सवाला तुमच्या नावाची पाटी लावायचीय. पितळेची. 'प्रत्येक प्रदर्शन टांगणारे अर्विड हाउगेन'," तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला, आणि सामानाच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नाक शिंकरत बसला.

परत आला तर बाई पुढे बोलतच होत्या. "आणि समोरच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या प्रदर्शनांची यादी. प्रत्येकाखाली फोटो. दोनशे अकरांचे मिळाले. एकोणऐंशीच्या जानेवारीतलं हेस्टर क्वालेंचं तेवढं सापडत नाहीये. कसं होतं हो ते?"

अर्विडने कॉफीचा कप खाली ठेवला.

त्याचं असं झालं होतं. चित्रं टांगल्याची एक आणि उतरवल्याची एक, अशा दोन तारखा टांगणाऱ्याने नोंदवहीत घालायच्या, असा तिथला नियम. पण वही असायची सामानाच्या खोलीत, आणि जानेवारीत तिथे पेनातली शाईसुद्धा गोठायची. म्हणून अर्विड पुढच्या वर्षाच्या प्रदर्शनांचं छापील कॅलेंडर समोर ठेवायचा आणि सगळ्या तारखा ऑक्टोबरातच घालून मोकळा व्हायचा. एकोणऐंशीला हिमवादळ आलं. चित्रांचा ट्रक काउंटीच्या हद्दीवर खड्ड्यात गेला. तो बाहेर निघून रस्ते मोकळे होईपर्यंत प्रदर्शनाचे दोन आठवडे संपले, आणि चित्रं परस्पर पुढच्या गावी गेली. विश्वस्त मंडळी फ्लोरिडात ऊन खात होती, त्यांनी काही विचारलं नाही. नोंदवहीत मात्र प्रदर्शन टांगलेलं होतं आणि व्यवस्थित उतरवलेलंही होतं. उगाच खाडाखोड कशाला, म्हणून अर्विडने ते तसंच ठेवलं.

आता खरं सांगितलं तर पाटीवरचा 'प्रत्येक' जाणार. 'एक सोडून बाकीची प्रदर्शनं टांगणारे' अशी पितळी पाटी कोण करून घेतं?

"छान होतं," तो म्हणाला. "शांत होतं."

"चित्रं कसली होती?"

"चौकटीतली."

रोशेलबाई शिकागोच्या. एवढ्यावर गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी गावच्या साप्ताहिकात निवेदन दिलं, की हे प्रदर्शन ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी शनिवारी येऊन आठवणी सांगाव्यात. ते वाचून अर्विडचा जीव भांड्यात पडला. न झालेलं प्रदर्शन पाहिलेला माणूस येणार कुठून?

शनिवारी एकतीस जण आले.

सगळ्यांत पुढे आर्डिस टॉलेफसन, हातात लिंबाच्या वड्यांचा डबा. "विसरेन कशी मी? दारातून आत शिरलं की समोर ते चित्र, मोठं लाल कोठार. छपरावर बर्फ. मला बाई रडूच आलं होतं."

"लाल?" मागून मर्ल ओस्बी ओरडला. "निळं गं, निळं! त्याच्यासमोर उभं राहून मी डोलोरेसला मागणी घातली."

"डोलोरेसला तू तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपडीत मागणी घातलीस. तिनेच सांगितलंय."

"ती दुसऱ्यांदा! पहिल्यांदा नाही म्हणाली होती. निळ्या कोठारासमोर."

"मोतीबिंदू तेव्हापासूनच होता का रे तुला?"

दुपारपर्यंत लालवाले एका भिंतीशी आणि निळेवाले दुसऱ्या भिंतीशी उभे राहिले. रविवारी चर्चमध्येही ते वेगवेगळ्या बाकांवर बसले. सोमवारी दोन्ही पक्ष अर्विडच्या शिडीखाली येऊन थडकले.

"तू टांगलंस ना? मग तूच सांग. लाल का निळं?"

अर्विडने शिडीवरून दोन्ही गटांकडे पाहिलं. दोन्हीकडे त्याचे नातेवाईक होते.

"सकाळच्या उजेडात लाल दिसायचं," तो म्हणाला. "तीननंतर निळं."

"बघ, मी तीननंतरच गेलो होतो!" मर्ल म्हणाला. आर्डिसने त्याला वडी दिली. रोशेलबाईंनी ते वहीत टिपून घेतलं, आणि इतक्या भारावल्या की तिथल्या तिथे हेस्टर क्वालेंना डुलुथला फोन लावला. चित्रकर्त्या बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या, पण खणखणीत होत्या. येते म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी अर्विड कोट टांगायच्या खोलीत दबा धरून बसला. हेस्टरबाई काठी टेकत आत आल्या, तसा तो पुढे झाला आणि एका दमात सगळं ओकला. नोंदवही, ऑक्टोबर, शाई, सगळं.

"हळू बोल, मेल्या," हेस्टरबाई म्हणाल्या. "त्याच प्रदर्शनावर मला कॉलेजात नोकरी लागली. 'स्वतंत्र प्रदर्शन, एकोणीसशे एकोणऐंशी' असं जन्मभर अर्जात लिहीत आले मी. पाटी तुझी, पेन्शन माझी. तोंड उघडलंस तर ही काठी घालीन डोक्यात."

"पण लोक कोठाराबद्दल विचारताहेत..."

"विचारू देत. त्यांनी पाहिलंय ना? मग मी कोण सांगणार?"

अर्विडच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिथेच घात झाला. एरवी तो 'आभारी आहे' म्हणून खाली बसला असता. पण रोशेलबाई पाटीवरच्या कापडाची दोरी हातात धरून म्हणाल्या, "दोन शब्द बोला," आणि समोर खच्चून भरलेलं दालन पाहून त्याची जीभ पन्नास वर्षांत पहिल्यांदाच सैल सुटली.

"वादळ असं, की स्वतःचा हात दिसेना," तो म्हणाला. "ट्रक अडकल्याचं कळलं. म्हटलं, गावाला चित्रं बघायचीत. पायांना स्की बांधल्या, घसरगाडी घेतली आणि निघालो. अकरा मैल. चित्रांच्या पेट्या गाडीवर लादल्या. परत येताना वाटेत लांडगा."

"अगं बाई!" आर्डिस म्हणाली.

"दोन लांडगे. त्यांनी पेट्या हुंगल्या. मी एकीचं झाकण जरासं उचललं. त्यांनी आत पाहिलं, आणि मुकाट्याने वाट सोडली."

टाळ्या पडल्या. मर्लने डोळे पुसले. हेस्टरबाईंनी मात्र काठीची मूठ घट्ट धरली.

"रात्रभर टांगत होतो," अर्विड आता थांबायला तयार नव्हता. "आणि पहाटे ते कोठार मधल्या भिंतीवर चढवलं. सूर्य उगवला, आणि लालभडक—"

रोशेलबाईंनी गहिवरून दोरी ओढायला घेतली. कापड सरकलं आणि 'प्रत्येक' एवढंच दिसू लागलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक खुर्ची करकरली. बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला एक म्हातारा, शेजारच्या काउंटीतून फुकटच्या जेवणाला आलेला, हातात हॉटडिश नावाच्या तिथल्या बटाट्याच्या गरम पदार्थाची बशी घेऊन उभा राहिला. दोरी जिथल्या तिथे थांबली.

"मी व्हर्न," तो म्हणाला. "तो ट्रक माझा होता. चार दिवस बसलो होतो मी त्या खड्ड्यात. स्कीवाला सोड, कावळासुद्धा फिरकला नाही. वेळ जाईना म्हणून एकेक पेटी उघडून सगळी चित्रं बघितली, दोन-दोनदा. कोठार कुठून आणलंस रे, थापाड्या? एकोणीसच्या एकोणीस चित्रांत गाईच होत्या!"