पूजेचा पट्टा

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना उंच महालाची हौस आली. गुहा होती, चांगली ऐसपैस होती. पण शेजारच्या जंगलातल्या वाघाने माडी चढवली होती ना!

काम निघालं. क्रेन म्हणून हत्ती नेमला. पट्ट्यात शिळा बांधायची, पट्टा हत्तीच्या सोंडेत द्यायचा आणि हत्तीने ती वर न्यायची. बांधायचं काम गुणाजी वानराचं. शिळेने हेलकावे खाऊ नयेत म्हणून तो खालून शेपटीने तिला आवरून धरायचा.

एके दिवशी गुणाजीने पाहिलं, तर पट्ट्याचे धागे सुटत चाललेले. तो घाईघाईने सुरक्षा अधिकारी कोल्होबांकडे गेला.

"साहेब, पट्टा काही खरा नाही. नवा द्या."

"नवा आलाय की! तो बघ."

मांडवात पाटावर नवाकोरा पट्टा ठेवला होता. हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली, पुढे नारळ.

"द्या मग," गुणाजी म्हणाला.

"अरे, असा कसा देऊ? सुरक्षा सप्ताहात महाराजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन आहे. आधीच वापरला तर उष्टा नाही का व्हायचा?"

"आणि तोवर शिळा पडली तर?"

"शुभ बोल रे! जरा सावकाश उचला, म्हणजे झालं."

त्यांनी सावकाश उचलली. पट्टा सावकाश तुटला. शिळा मात्र धाडकन आली आणि गुणाजीची शेपटी मुळापासून गेली.

हसू नका. वानराची शेपटी गेली म्हणजे फांदीवरचा तोल गेला, झाडावरचं घर गेलं. गुणाजीची बायको वर, गुणाजी खाली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

महाराजांनाही वाटलं. त्यांनी चौकशी लावली. चौकशीला कोण? कोल्होबाच.

"महाराज, हत्तीला काही झालं नाही, मला काही झालं नाही," कोल्होबा म्हणाले. "आम्हा दोघांची शेपटी शिळेखाली नव्हती. दोष उघड आहे."

महाराजांनी मान डोलावली. सुरक्षा सप्ताह थाटात पार पडला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि महाराजांनी नवा नियम वाचून दाखवला: यापुढे वानरांनी शेपट्या घरी ठेवूनच कामावर यावं.

पहिल्या रांगेत गुणाजीला बसवलं होतं. नियम पाळणारा पहिला वानर म्हणून त्याला शाल मिळाली.

तात्पर्य: बाळांनो, कामावर जाताना अपघातात सापडेल असं काहीही अंगावर ठेवू नये.