करंजवाडीचा गावनेम

त्यागाशिवाय कल्याण नाही. मात्र काय त्यागायचं हे आधी नीट ठरवलं, तर त्यागाचा फारसा त्रास होत नाही. हे पोथीत कुठं सापडत नसलं तरी करंजवाडीत सापडतं.

कर्जतच्या डोंगराखालच्या या गावाचा झरा पूर्वी वैशाख सरेपर्यंत वाहायचा. अलीकडे तो होळीलाच आटू लागला. ऊन वाढलं, पाऊसही मनाला येईल तेव्हा येऊ लागला. कारण शोधायला बाहेरून कुणी शहाणा आणायची गरज नव्हती. मान वर केली की बोडका डोंगर दिसायचा. माघात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, घरोघरची माणसं झाडांची टहाळ तोडत. उरलंसुरलं चांगोच्या कोळशाच्या भट्टीत जाई. तरीही चौऱ्याहत्तर सालच्या आषाढी एकादशीला मारुतीच्या देवळात सभा भरली. कारण सर्वांना ठाऊक असलं, तरी उपाय सर्वानुमते व्हावा लागतो.

येसूबाई सभेत पुढं जाऊन बसली. तिची सून पारू या खेपेला बाहेर बसली नव्हती. मोरूला, म्हणजे पारूच्या नवऱ्याला, अजून पत्ता नव्हता. पण सासूनं बोटांवर मोजून पाहिलं होतं. फाल्गुन. झरा आटला की पाण्याला नदीवर जायचं, डोक्यावर हंडा घेऊन धोंड्यांची वाट चढायची. तेवढा एक फाल्गुन झरा टिकावा, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं.

पोलीसपाटील सहदेवनं ठराव मांडला: चातुर्मासात डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही. (चातुर्मासात डोंगरावर धो धो पाऊस, जळवा आणि गुडघाभर चिखल असतो. त्या दिवसांत कुऱ्हाड नेणारा माणूस कुणाच्या आठवणीत नाही.) ठराव एकमतानं झाला.

मग चांगो उठला. "चार म्हयने मी भट्टीला विस्तू लावणार नाय. बुडालो तर बुडालो."

ओली लाकडं पेटत नसल्यामुळे भट्टी दर पावसाळ्यात बंदच असायची, तरी बऱ्याच जणांना गहिवरून आलं. त्या भरात सहदेवनं कारलं सोडलं. (लहानपणी आईनं दोनदा भरवलं होतं, दोन्ही वेळा थुंकलं होतं.) म्हाताऱ्या नामानं ऊस सोडला. दातांनी नामाला आधीच सोडलं होतं.

"पर माघात?" येसूबाईनं हळूच विचारलं. "झऱ्यावरलं जांभूळ तरी माघात नगा तोडू."

"काकी, माघात कुठं चातुर्मास असतो गं?" सहदेव प्रेमानं म्हणाला.

येसूबाईला वाद घालता येत नसे, नेम तेवढे धरता येत. तिनं सोमवारचं मौन धरलं. गावाला हा नेम फारच आवडला. पुढच्या साऱ्या सभा सोमवारी भरल्या.

गावनेम शंभर टक्के पार पडला. चार महिन्यांत डोंगरावरची एक फांदी तुटली नाही. तालुक्याहून साहेब आले आणि इतर गावांनी हा आदर्श घ्यावा, असं छत्रीखालून बोलून गेले.

एवढा मोठा नेम, तर कार्तिकात उद्यापन हवंच. गावजेवण ठरलं. सरपण कुठलं, हा प्रश्न अर्थातच सोमवारी निघाला.

"झऱ्यावरलं जांभूळ हाय की," नामा म्हणाला. "जवळ पडंल."

येसूबाईनं दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून एकेकाकडं पाहिलं.

"बघा रं, काकीनं आशीर्वाद दिला," सहदेव म्हणाला.

शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. पण नेम मोडला आणि त्याचा दोष पोटातल्या जिवाला लागला तर? तिनं तो गिळला. जांभूळ चार कढयांना पुरलं. बुंदी उत्तम झाली होती.

माघात राबाची टहाळ रीतसर तुटली, मोरूनंही आणली. फाल्गुनात झरा होळीआधीच आटला. येसूबाई स्वतः नदीवर खेपा घालू लागली. एका सकाळी गुडघ्यानं दगा दिला, ती अंथरुणात पडून राहिली, आणि सासूला न सांगता पारू हंडा घेऊन उतरली. हंडा रिकामाच राहिला. धुणं धुणाऱ्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला आणि नदीच्या वाळूत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

गावाला कृतार्थ वाटलं. बाळंतपणात पाणी अगदी हाताशी होतं. नेम पावला, यात शंका उरली नाही. पुढच्या आषाढीला नेम वाढवायचं ठरलं. सहदेवनं शेपूही सोडला.

"काकी, औंदा तू काय सोडणार?"

मांडीवरच्या नातीला थोपटत येसूबाई म्हणाली, "मौन."

मग आवाज न चढवता पुढं म्हणाली, "माघात मी येणार हाय. दारोदार. कुणी काय सोडलं, इचारीन."

आता हे वाचताना आपणही मनातल्या मनात काहीतरी सोडलंच असेल. फार चांगलं केलंत. येसूबाई आपल्या दारी येईल तेव्हा ते कारलं निघू नये, म्हणजे झालं.